पेन्सिलीची फुली

"नामंजूर?" कर्ज अधिकाऱ्यांनी लेकीच्या हातातला मोबाइल जवळजवळ हिसकावूनच घेतला. "चार मिनिटांत?"

"तीन," लेक म्हणाली.

तिची लाँड्री होती. घटस्फोटानंतर दोन मशिनांवर सुरू केलेली, तीन वर्षांत नावारूपाला आणलेली. आता एका रुग्णालयाच्या चादरींचं काम चालून आलं होतं. त्यासाठी आणखी दोन मशिनं हवी होती. संध्याकाळी पाचपर्यंत होकार कळवला नाही, तर काम दुसऱ्याच्या घशात जाणार होतं. म्हणून ती अर्ज भरून थेट वडिलांच्या टेबलाशी आली होती.

कर्ज ठरवणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरवर अधिकाऱ्यांचा भारी जीव. का नसणार? त्याला शिकवायला त्यांच्याच तीस वर्षांच्या फायली दिल्या होत्या. बुडवे कर्जदार अचूक गाळतात म्हणून बँकेत त्यांना सगळे 'गाळणी' म्हणत आणि ते ऐकून ते सुखावत. सॉफ्टवेअर आल्यावर वर्षभरात बुडीत कर्जं निम्म्यावर आली, नफा वाढला, अध्यक्षांनी भर सभेत त्यांची पाठ थोपटली. तेव्हापासून स्वारी हवेतच होती.

"डोकं फिरलंय या सॉफ्टवेअरचं!" ते कडाडले. संगणक विभागातल्या बाईंना बोलावणं गेलं. "कारण काढा. आत्ताच्या आत्ता."

बाईंनी दोन कळा दाबल्या. हा अर्ज जुन्या दोनशे सात अर्जांशी जुळत होता. अर्जदार बाई. जामिनाला नवरा नाही, मुलगा नाही. दोनशे सातही नामंजूर.

"कोणत्या गाढवाने केले?"

बाईंनी एक जुना अर्ज पडद्यावर मोठा केला. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीची बारीकशी फुली होती.

फुली अधिकाऱ्यांचीच. कर्ज मागायला आलेल्या बाईला चहा पाजायचा, "बघू, पुढच्या महिन्यात या" म्हणायचं आणि तिची पाठ वळली की फुली मारायची. तोंडावर नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

"बाबा, हे तुम्ही?"

त्यांना मान वर करवेना. "अगं, अशी कर्जं बुडतात," ते कसेबसे म्हणाले. "अनुभव आहे माझा."

"किती बुडाली?" लेकीने बाईंनाच विचारलं.

बाईंनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली.

"एकही नाही. एकीलाही दिलंच नव्हतं."