नेट बंद केल्यावर

एरवी माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं. हे मात्र पुरतं ऐका.

माझा भाचा समाधान मोबाईलवर रडारचं चित्र बघत वादळामागं जीप पळवतो. भिगवणच्या चतुराबाईचे मासे धरणारे दोघे मुलगे त्याच्या शब्दाशिवाय होडी पाण्यात घालत नाहीत.

त्या दुपारी मीही जीपमध्ये होतो. शेळगावात चहाला थांबलो, तेव्हा दिवसाच्या डेटातले जेमतेम वीस एमबी उरले होते.

"मामा, नेट बंद करतो. चित्र आता फुडच्या गावात उघडू."

नेट बंद झालं, पण चित्र हलतच राहिलं. लाल ढग उजनी धरणाकडं सरकत होता आणि आमची जागा दाखवणारा निळा ठिपका त्याच्यापुढं भिगवणच्या रस्त्यानं पळत होता. आम्ही तर टपरीसमोर उभे!

"बिघडला का काय रं?"

ठिपका पाण्याच्या काठाशी थांबला, तसा समाधाननं घाईनं चतुराबाईला फोन लावला.

"मावशी, होडी सोडू नका! वादळ तिकडंच येतंय."

"कोण बोलतंय?" चतुराबाई हसली. "वादळ वळलं म्हून समाधाननं सोता येऊन सांगितलं. पोरं गेली की होडी घेऊन आत. हितंच बसलाय मामासंगं. थांबा, त्याच्याकडंच देते फोन."