क्रेनची पत्रिका

"नारळ फोडायचा नाही म्हणजे नाही," मार्तंड म्हणाला. "क्रेनच्या नकाशात देव कुठेही काढलेला नाही."

"मंग तुमचा नकाशा चुकला," हमालांचा मुकादम धर्माजी म्हणाला आणि त्याने क्रेनच्या बंपरवर नारळ फोडला.

उरणच्या बंदरावर मिठाच्या गोण्या गलबतांत चढवायला शिवदासशेठने तेलाच्या दाबावर चालणारी, ट्रकवरची परदेशी क्रेन आणली होती. ती सुरळीत चालू लागली की हमालांची गरज उरणार नव्हती. हे शेठने त्यांना पहिल्याच दिवशी मोठ्या मनाने सांगून टाकले होते. तरी हमाल रोज सकाळी तिच्यापुढे नारळ फोडत. कधी हुकावर, कधी चाकावर, कधी बंपरवर. देव सुचवेल तिथे. मार्तंडला या भोळेपणाची कीव येई.

तो श्रीवर्धनचा. घरच्या सुपारीच्या वाडीत न रमता विजेचा डिप्लोमा घेतलेला, आता शेठकडे क्रेनची देखभाल करणारा. देव मानत नसे, पण क्रेनच्या वायरिंगचा नकाशा रोज वाची. धर्माजी त्याला क्रेनची पत्रिका म्हणे.

"काय म्हणते पत्रिका? शनी कुठं बसलाय?"

शनी होता खरा. क्रेन दोन दिवस गुमान चाले आणि मग एकाएकी बूम, म्हणजे तिचा गोण्या उचलणारा लांब हात, जागची हलेना. गोण्या पुन्हा हमालांच्या पाठीवर. "देवी कोपली," म्हणत ते दुसऱ्या दिवशी जास्त नारळ आणत.

आजही तेच झाले. शेठ वैतागला. "आता अजून एकदा बंद पडली तर क्रेन परत जाणार. आणि मार्तंडराव, तिच्याबरोबर तुम्ही."

मार्तंडने नकाशा अंथरला. बॅटरीपासून एकेक वायर टेस्ट लॅम्पने तपासत तो बंपरमागच्या फ्यूजच्या पेटीपाशी पोचला. झाकण उघडले. आत चिकट पाणी. बोट चाटून पाहिले. गोड!

त्याने पेटी पुसली, फ्यूज बदलला. बूम उठली. मग त्याने धर्माजीला बोलावले. रागवायचे नाही, समजवायचे, असे ठरवून.

"कोप देवीचा नाही, तुमच्या नारळाचा. ही रेघ बघा. तेलाला वाट देणारी झडप विजेवर उघडते. ती वीज या पेटीतून जाते. झाकणाच्या फटीतून पाणी गेलं की फ्यूज उडतो, बूम मेली."

धर्माजी उकिडवा बसला. "हीच पेटी?"

"हीच. झाकणाचं रबर मुंबईहून येईपर्यंत नारळ कुठेही फोडा, फक्त इथे नको."

"परत दावा बघू, साहेब."

मार्तंडने आनंदाने परत दाखवले. नकाशात प्रथमच कुणी रस घेतला होता.

"डोक्यात बसलं," धर्माजीने हात जोडले. "आता चूक न्हाय व्हायची."

मार्तंड शेठला खुशखबर द्यायला गेला. धर्माजीने शेजारी उभ्या नामा हमालाकडून उद्याचा नारळ घेतला, हातात तोलून पाहिला.

"किती नारळ फुकट घालवले रं आपण," तो म्हणाला. "इतके दिस नुसते अंदाजानं फोडत व्हतो."