खिडकीचा मॅनेजर

"आजी, विंडो मॅनेजर ठेवू की काढू?" चेतनाने विचारलं. सकाळपासून ती जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स चढवत होती. पोळी-भाजी केंद्राच्या खिडकीवर स्क्रीन लावायचा, त्यावर टोकनचा नंबर दिसायचा. बाकी काही म्हणजे काही नाही.

सोनूबाईंनी कणकेतला हात काढला नाही. "तो करतो काय?"

"खिडक्या सांभाळतो. कुठली पुढे, कुठली मागे, ते बघतो."

"आपल्याला खिडक्या किती?"

"एकच. स्क्रीनभर."

"मग एका खिडकीला मॅनेजर कशाला बसवून ठेवायचा? फुकटचा खातो."

"थोडी मेमरी खातो, एवढंच."

"खातो ना? काढ."

खिडकीपाशी स्टुलावर कुंडलिक बसले होते. सोनूबाईंचे यजमान. बावीस वर्षं तेच नंबर पुकारायचे. घाटकोपरातलं जुनं गिऱ्हाईक त्यांना मॅनेजरच म्हणायचं. गेल्या साली अर्धांगाचा झटका आला, तोंड वाकडं झालं. तेव्हापासून सत्तावीस काय नि सदतीस काय, त्यांच्या तोंडून एकच निघायचं. काल सत्तावीसचं सुकट सदतीस नंबरवाल्या उपासाच्या बाईने नेलं, आणि परत येऊन तिने रांगेसमोर सोनूबाईंना नको नको ते ऐकवलं.

कुंडलिक हळूहळू वळले. "मला... काढलं?"

चेतनाला हसू आलं. "नाही ओ आजोबा! तो प्रोग्राम असतो, कॉम्प्युटरमधला. तुम्ही नाही काही—"

"तू तुझं काम कर गं," सोनूबाई म्हणाल्या. "बरोबर ऐकलंय त्यांनी. तोंड गेलंय, कान नाही गेले."

चेतनाचं हसू तिथेच राहिलं. तिने मान खाली घालून बटण दाबलं. स्क्रीन काळा झाला, मग त्यावर भलामोठा पांढरा एकचा आकडा उमटला.

दुपारी रांग लागली. आकडे आवाज न करता बदलत होते, लोक आवाज न करता डबे नेत होते. एकही डबा चुकला नाही. स्टुलावर आता कॉम्प्युटर होता.

दोन वाजता कुंडलिक मागच्या दाराने जेवायला आत आले. सोनूबाईंनी ताट वाढलं नाही. त्यांच्या हातात टोकन ठेवलं.

"मॅनेजरचं ताट बंद झालं. आता चारचौघांसारखं पुढून या."

कुंडलिक गल्लीतून वळसा घालून पुढे गेले. बाकावर बसले. हातात सदतीस.

स्क्रीनवर सदतीस आला. सोनूबाई खिडकीत ताट घेऊन उभ्या राहिल्या. कुंडलिक जमिनीकडे बघत, कान देऊन बसले होते. कुणीतरी पुकारेल म्हणून.

सोनूबाईंनी ताट आत ठेवलं आणि बटण दाबलं.

अडतीस.