समुद्रावरचा लाल्या

उपग्रहानं काढलेले फोटो पाहून समुद्रकाठची खारफुटी कुठं तग धरून आहे आणि कुठं वाळते आहे, हे नकाशावर दाखवायचं, ही दीपाची नोकरी. सुटीत मारेगावला आली तरी लॅपटॉप उघडाच. तिची माय इंदूबाई चहा घेऊन आली आणि स्क्रीनवरचा लालेलाल किनारा पाहून जागीच थबकली.

"काय वं दीपे, समुद्रावरही लाल्या आला काय?"

घरच्या वावरात त्याच रोगानं पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, पानं लाल पडली होती. तिला दुसरं काय सुचणार?

दीपा हसली. "नाही वं माय. उपग्रहाच्या या फोटोत हिरवं झाडच लाल दिसते. जेवढं लाल, तेवढं निरोगी."

इंदूबाईच्या चेहऱ्यावरची काळजी मात्र गेली नाही.

दुसऱ्या दिवशी नुकसानीचा पंचनामा करायला तलाठी आला. सगळं वावर फोटोत यावं म्हणून त्यानं मोबाइल डोक्यावर उंच धरला, तशी इंदूबाई बांधावरून धावत सुटली.



"हात खाली घ्या साहेब. वरतून फोटो काढला का आमची पऱ्हाटी निरोगी दिसते."