गल्लीतलं राहिलेलं घर

फोनवाला आला तेव्हा म्हातारीने दार साखळीपुरतंच उघडलं.

"सही करणार नाही," ती फटीतून म्हणाली. "दोघांना सांगून झालंय. तुम्ही तिसरे."

हा माणूस आधीच्या दोघांसारखा पोपटपंची करणारा नव्हता. पन्नाशीचा, खांद्यावर जड पिशवी, पायरीवरच उभा. त्याने सरळ सांगितलं की तांब्याची जुनी तार शनिवारी बंद होणार, सही करा किंवा करू नका. गल्लीतल्या प्रत्येक घरात काचेची नवी तार गेली, हे एकच राहिलंय.

म्हातारीला ते ठाऊक होतं. फोन कंपनीला एवढी घाई का, हेही ठाऊक होतं. केबलवाल्यांनी टीव्ही, फोन, इंटरनेट एकाच वायरवर देऊन शेजारची अख्खी गल्ली पळवली होती. त्यांचा माणूस इथेही येऊन गेला होता, जिभेवर साखर ठेवून. त्यानेच तिला एक गोष्ट सांगितली. कालव्यापलीकडच्या वस्तीत वीज गेली, फोन कंपनीचा नवा फोन विजेबरोबर मेला आणि दम्याची एक बाई रिसीव्हर हातात धरून गेली. जुन्या फोनला वीज तारेतूनच यायची, घरात अंधार असला तरी तो वाजायचा. काचेतून नुसता उजेड जातो, वीज जात नाही. मग तुमचा फोन वीज गेल्यावर चालतो का, असं म्हातारीने विचारलं, तेव्हा केबलवाल्याने प्यायला पाणी मागितलं होतं.

आतल्या खोलीत तिचा नवरा पडून होता. त्याची फुप्फुसं अर्धीच उरली होती. थंडीत दोनदा तिने रुग्णवाहिका बोलावली, त्यातली एकदा ऐन अंधारात, याच काळ्या फोनवरून. मुलाने दिलेला मोबाईल होता, पण वीज गेली की तासाभरात तोही मान टाकायचा. शनिवारनंतर ह्यांना धाप लागली आणि वीज नसली तर काय, या एका प्रश्नाने तिचं जेवण तुटलं होतं.

आधीच्या दोघांनी ती बाई म्हणजे केबलवाल्यांची थाप आहे असं सांगितलं होतं. तिने यालाही विचारलं.

"थाप नाही," तो म्हणाला. "होती तशी बाई."

म्हातारीने साखळी काढली.

त्याने भिंतीवर पांढरा डबा बसवला आणि डब्याखाली विटेएवढी बॅटरी. मग विजेचं बटण बंद केलं आणि तिला शेजारी फोन लावायला सांगितला. शेजारी घंटी वाजली. झालं, असं तिला वाटलं. पण तो स्टुलावर बसून राहिला. अर्ध्या तासाने पुन्हा लावायला सांगितला, तासाने पुन्हा. शेजारीण वैतागली. तासावर पगार दिसतोय, म्हातारीच्या मनात आलं.

"घरी कोणी वाट बघत नाही वाटतं," ती म्हणाली.

तो डब्यावरच्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं की फोन आत पलंगाशी नेला तर चालेल का. त्याने लांब वायर ओढली आणि फोन उंच टेबलावर न ठेवता जमिनीलगतच्या फळीवर ठेवला.

"माणूस खाली पडला तरी हात पोचला पाहिजे," तो म्हणाला.

हे ना कंपनीला सुचलं होतं, ना तिच्या मुलाला. म्हातारी विरघळली. तिने चहा केला. त्याने कागद पुढे केला तेव्हा पेनही हातात घेतलं. पण मग ती न पाहिलेली बाई तिच्या डोळ्यांपुढे आली आणि पेन थांबलं.

"त्या बाईकडे बॅटरी का नव्हती, ते आधी सांगा. मग सही."

त्याने चहाचा कप उचलला. मग त्याने सांगितलं. महिनाअखेर होती. केबलवाल्यांच्या आधी वस्ती उरकायची असा वरून हुकूम होता. बॅटरी बसवली या रकान्यात ऑफिसातच आधी सरसकट बरोबरच्या खुणा करून ठेवायचे. त्या दिवशी घरं वीस होती आणि बॅटऱ्या आल्या एकोणीस. विसावी आठ दिवसांत येणार होती. वीज पाचव्याच दिवशी गेली.

"म्हणजे चुकून नाही राहिलं," म्हातारी म्हणाली. "कोणाला द्यायची नाही ते त्या बॅटऱ्या लावणाऱ्या मेल्याने ठरवलं."

"हो."

"बरोबर बघितलं असेल त्याने. जिथून तक्रार यायची नाही, असंच घर."

"तक्रार आली नसती, हे खरं."

"बाई आजारी आहे हे ठाऊक होतं त्याला?"

"ठाऊक होतं."

म्हातारीने पेन खाली ठेवलं. आतून खोकल्याची उबळ आली आणि थांबली. असल्या माणसाला कंपनीने ठेवला की हाकलला, असं तिने विचारलं. ठेवला, तो म्हणाला, कागदोपत्री बॅटरी बसवलेलीच आहे. तिला बसवेना. ती उठून उभी राहिली.

"एकोणीस घरं पुण्यवान आणि तेवढं एकच डोळ्यांत खुपलं त्याच्या? कोणाचं घर होतं ते?"

फोनवाल्याने कप फरशीवर ठेवला.

"लोकांची घरं आधी केली मी, आजी. आपलं काय, घरचंच आहे, मागाहून बसवू, असं बायकोला म्हटलं. ती बरं म्हणाली."