एक्केचाळीस हजार संदर्भ आणि एक चष्मा

डॉ. शाल्मली निमकरांच्या यकृतावरच्या शोधनिबंधाला एक्केचाळीस हजार संदर्भ मिळाले होते, तरी बढतीचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला.

"मॅडम, हे सगळे संदर्भ यंत्रांनी दिलेत," कारकून तांडेल म्हणाले. "नव्या नियमानं निदान एका माणसानं निबंध शेवटपर्यंत वाचलेला लागतो. मुदत आज पाचपर्यंत."

"अहो, हल्ली लिहितात यंत्रं आणि वाचतातही यंत्रंच! माणूस कुठून आणू? आमचे हे तर सारांशातच घोरायला लागले."

"मग तुम्हीच वाचा की. तुम्हीही अजून वाचलेला दिसत नाही."

निमकरबाई चडफडत वाचनाचा चष्मा लावून बसल्या. कचेरीनं दिलेला हा चष्मा वाचलेली ओळ न ओळ मोजत होता. सहाव्या पानावर त्या थबकल्या. प्रयोगातल्या उंदरांचं सरासरी वजन अडीचशे किलो होतं आणि औषधाची मात्रा त्याच हिशोबानं काढली होती.

"तांडेल, या मात्रेवर एक्केचाळीस हजार निबंध उभे आहेत हो!"

"असू द्यात. दहाच मिनिटं उरलीत, पुढं वाचा."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर आपटला. "बढती राहू दे. निबंध मागे घ्यायचा फॉर्म द्या."

"देतो ना," तांडेल शांतपणे म्हणाले, "पण तोही निबंध शेवटपर्यंत वाचलेल्यालाच मिळतो."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.