गुहेचं वरचं तोंड

भिवंडीजवळच्या डोंगरात भात लावताना पाऊस वाढला, म्हणून चार बायका पायथ्याच्या गुहेत आडोशाला गेल्या. ओढ्याला पूर आला आणि गुहेचं तोंड पाण्याखाली गेलं. त्या चौघींत गावातल्या म्हाताऱ्या नवशाची सून हेमालीही होती. आत थोडा उंचवटा होता, पण पाणी चढत होतं आणि सुटकेसाठी निघालेल्या पाणबुड्यांची गाडी कशेळीच्या पुलावर ट्रकांमागे अडकली होती.

"साहेब, त्यांची वाट कशाला बघता? गुहेला वरून भोक हाय," नवशा म्हणाला.

तालुक्याच्या कचेरीतून आलेल्या साहेबांनी नकाशा उघडून दाखवला. "यात कुठे आहे? बाबा, बाजूला उभे राहा."

नवशा पहार घेऊन डोंगर चढला. वर पर्यटकांना बसण्यासाठी नवा ओटा बांधला होता. त्याच्या एका कोपऱ्यात त्याने घाव घालायला सुरुवात केली. साहेब धापा टाकत मागून आले.

"सरकारी काम आहे ते. केस होईल तुमच्यावर."

"होऊ दे."

बऱ्याच घावांनंतर सिमेंट खचलं आणि आतून बायकांच्या हाका ऐकू आल्या. दोर सोडून एकेकीला वर काढलं. हेमाली शेवटी आली.

साहेबांनी भोकात डोकावून पाहिलं आणि ते नवशावरच चिडले. "एवढं माहीत होतं, तर बुजवलं तेव्हा का नाही बोललात?"

"बोललो व्हतो. हा ओटा बांधायला रोजावर मीच व्हतो. तुमच्याच हापिसातला साहेब म्हनला, तुला घमेली उचलायला ठेवलाय, अक्कल शिकवायला न्हाय."